ओडेसाच्या जुन्या विहिरी आणि घरी आलेलं खरेदीचं पत्र

एका बहीण-भावाने मला पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील डॉक्टर, १९७८ पासून पश्चिम टेक्सासमधल्या ओडेसाला. १९८७ साली त्यांनी तिथल्या एक्टर काउंटीत ८० एकर जमीन घेतली आणि तिच्यासोबत जमिनीखालच्या खनिजांचा निम्मा हक्कही आला. २००४ मध्ये जमीन विकली, पण खनिजांचा हक्क राखून ठेवला. वीस महिन्यांपूर्वी वडील गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई अमेरिकन नागरिक, सध्या पुण्यात मुलीकडे आहेत. मुलगा न्यू जर्सीत. आता एका कंपनीचं पत्र आलंय: सगळं मिळून १,०५,००० डॉलर देतो. सोबत सही करायचा दस्त आणि ड्राफ्ट (पैसे मागाहून देण्याची चिठ्ठी) जोडलाय. आम्ही दोघं भावंडं विचारतोय, विकावं का?

माझं उत्तर: विकायला माझी हरकत नाही. या पत्रावर आणि या किमतीला विकायला मात्र आहे. आणि तुम्ही दोघं भावंडं हे विकूच शकत नाही, कारण ते तुमचं नाही.

टेक्सासात लग्नानंतर कमावलेली मिळकत नवरा-बायकोची सामाईक धरतात. मृत्युपत्र नसेल आणि सगळी मुलं त्याच जोडप्याची असतील, तर गेलेल्या माणसाचा अर्धा हिस्सा मुलांकडे न जाता थेट जोडीदाराकडे जातो. म्हणजे आज सोळा आणे मालकी आईंची आहे. पत्र तुमच्या नावावर आलं याचा अर्थ एवढाच की पाठवणाऱ्याने वारसांची यादी कुठूनतरी जुळवली. तुम्ही दोघांनी सही करून दिलीत तरी दस्ताला अर्थ नाही, पण काउंटी क्लर्कच्या दप्तरात तो नोंदला गेला की तुमच्या मालकीवर एक डाग कायमचा बसतो आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार त्यावर बोट ठेवतो.

ही मालकी कागदावर आणायला तुमच्यासारख्या साध्या कुटुंबात सहसा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वारसाचं प्रतिज्ञापत्र करतात. वडिलांना ओळखणाऱ्या, पण ज्यांना यातून दमडीही मिळणार नाही अशा दोन माणसांनी शपथेवर लिहून द्यायचं: लग्न कधी, मुलं किती, दुसरं लग्न नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. दवाखान्यातली जुनी नर्स, शेजारी, मंदिरातले स्नेही, कोणीही चालतं. ते ओडेसाला काउंटी क्लर्ककडे नोंदवायचं. एक बारीक गोष्ट: आपल्या लोकांची नावं अमेरिकेत तीन प्रकारे लिहिलेली सापडतात. दस्तावर वडिलांचं नाव मधे धरून, चेकवर नुसतं आद्याक्षर, मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. हे सगळे एकच इसम, असं प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहून घ्या. माझ्या पाहण्यात निम्मा उशीर इथेच होतो.

आता पैशाकडे येऊ. मी सत्तावीस वर्षं पर्मियन बेसिन या तिथल्या तेलपट्ट्यातल्या रॉयल्टीचं, म्हणजे तेलविक्रीतल्या मालकाच्या वाट्याचं, मूल्यमापन करतोय, आधी कंपन्यांसाठी, आता तुमच्यासारख्या घरगुती मालकांसाठी. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "बाबा गेल्याचं कळवल्यावर चेक यायचे बंद झाले." ते बंद झालेले नाहीत, साचतायत. मालक गेल्याचं कळलं की ऑपरेटर, म्हणजे विहिरी चालवणारी कंपनी, त्या खात्याचे पैसे थोपवून ठेवते आणि नवा मालक कोण हे कागदावर सिद्ध होईपर्यंत सोडत नाही. हे पैसे बुडत नाहीत. मात्र वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नाही तर ते राज्याच्या बेवारस रकमांच्या खात्यात जातात, आणि मग तिथून मागून घ्यावे लागतात.

हा साचलेला आकडा किती? तुम्ही जुन्या चेकच्या पावतीवरचे आकडे दिलेत, ते फार उपयोगाचे आहेत. लीज (तेल काढायला कंपनीशी केलेला करार आणि त्यातली जमीन) ३२० एकरांची, १४ विहिरी, महिन्याचं तेल साधारण १,८०० बॅरल, भाव ७० डॉलर, आणि वडिलांच्या नावापुढे एक लांबलचक दशांश: ०.०१५६२५. हा दशांश कुठून आला ते एकदा हाताने करून पाहा. ८० एकरांचा निम्मा हक्क म्हणजे ४० एकर. ४० भागिले ३२० म्हणजे एक अष्टमांश. लीजची रॉयल्टी पुन्हा एक अष्टमांश. अष्टमांशाचा अष्टमांश, ०.०१५६२५. जुळतं. महिन्याची विक्री १,२६,००० डॉलर, त्यातला तुमचा वाटा १,९६९, त्यातून राज्याचा तेलावरचा कर ४.६ टक्के गेला की हातात १,८७८ राहतात. चेक सतरा महिने आलेले नाहीत असं म्हणता. म्हणजे ३२,००० डॉलरच्या आसपास तुमच्या आईंचेच पैसे ऑपरेटरकडे पडून आहेत.

आता त्या दस्तातलं दुसऱ्या पानावरचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही उतरवून पाठवलंय: विकणारा सर्व हक्क देतो, "आजवर जमा झालेल्या व न दिलेल्या सर्व रकमांसह". पत्र पाठवणाऱ्याला हे साचलेले पैसे ठाऊक आहेत किंवा त्याने अंदाज बांधलाय. म्हणजे त्याच्या १,०५,००० मधले ३२,००० तुमचेच. खरा भाव ७३,०००, महिन्याच्या चेकच्या जेमतेम ३९ पट. पत्रात मात्र तो "५६ महिन्यांचं उत्पन्न एकरकमी" असा दिमाखात सांगितलाय.

तर ७३,००० बरे की वाईट? जुन्या काउंटीत हा हिशेब नव्यापेक्षा सोपा असतो. नवी आडवी, म्हणजे खाली जाऊन थरातून आडवी नेलेली, विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येते, तिचं भविष्य वर्तवणं म्हणजे ज्योतिषच. तुमच्या विहिरी म्हाताऱ्या आहेत. चार-साडेचार हजार फुटांवरचा ग्रेबर्ग-सॅन अँड्रेस थरांचा चुनखडीच्या जातीचा खडक, त्यात पाणी सोडून तेल ढकलायचं, असं तिथे कित्येक दशकं चाललंय. अशा विहिरी दरवर्षी थोड्या थोड्या उतरतात. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं आणि त्याला घट अधिक अपेक्षित परतावा या बेरजेने भागायचं. वर्षाचे २२,५०० डॉलर. घट ६ टक्के, परतावा १२ टक्के, तर १,२५,०००. घट १० टक्के असेल तर १,०२,०००. काउंटी आणि शाळांचा वार्षिक मालमत्ता कर यातून थोडा वजा करा. सगळा खेळ त्या घटीच्या आकड्याचा आहे, आणि तो तुम्हाला पुण्यात बसून काढता येतो. टेक्सासात तेलविहिरींची माहिती रेलरोड कमिशनकडे असते. नावात रेल्वे, कामात तेल. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक लीजचं महिन्यावार उत्पादन फुकट दिसतं. तेलाचा आकडा लीजचा असतो, विहिरीचा नाही, पण तुम्हाला लीजचाच हवाय. दहा वर्षांचे आकडे एका कागदावर मांडा. मुलाला बारावीची गणितं येत असतील तर तोही घट काढून देईल.

लोक मला विचारतात, विहिरी अजून तीस वर्षं चालतील, त्याचं काय? चालू देत. वर धरलेल्या दराने विसाव्या वर्षानंतरच्या सगळ्या तेलाची आजची किंमत शंभरात तीन रुपयेही भरत नाही. खरी भीती उलटी आहे: विहिरी लवकर बंद पडणं. १४ विहिरी मिळून दिवसाला ६० बॅरल, म्हणजे एकेकीला चार बॅरलच्या थोडं वर. बाकी वर येतं ते खारं पाणी; अशा जुन्या पट्ट्यात शंभरातलं ९५ पाणी असलं तरी कोणी भुवया उंचावत नाही. ते उपसायला वीज लागते, पंप दुरुस्त करावे लागतात, आणि भाव पडला की ऑपरेटरला ते परवडेनासं होतं. वडिलांच्या फायलीत २०२० चा उन्हाळा काढून बघा. त्या वर्षी २० एप्रिलला अमेरिकेतला तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या महिन्यांत तुमच्या लीजवर किती विहिरी बंद केल्या आणि त्यातल्या किती पुन्हा सुरू झाल्या, हे कमिशनच्या आकड्यांत दिसेल. सगळ्या पुन्हा सुरू झाल्या असतील तर ऑपरेटरचा जीव त्या लीजमध्ये आहे. दहा वर्षांनी सगळं बंद पडलं असं धरलं, तर १,२५,००० मधला साधारण सहावा हिस्सा जातो. तरीही ७३,००० च्या बरंच वर उरतं.

इथपर्यंत मी फक्त आज निघणाऱ्या तेलाबद्दल बोललो. पत्र पाठवणाऱ्याला त्यात फारसा रस नसावा असा माझा संशय आहे.

तुमच्या वडिलांच्या दस्तात खोली लिहिलेली नाही. म्हणजे ४० एकरांचा हक्क चार हजार फुटांवर थांबत नाही, पार खालपर्यंत जातो. एक्टर काउंटीचा बराच भाग सेंट्रल बेसिन प्लॅटफॉर्म नावाच्या उंचवट्यावर आहे; पूर्वेला तो मिडलंड बेसिनमध्ये उतरतो. त्या उतरत्या बाजूला, दहा हजार फुटांच्याही खाली, बार्नेट आणि वुडफर्ड हे थर आहेत, आणि गेल्या काही वर्षांत अँड्रूज, एक्टर आणि मिडलंड काउंट्यांच्या सीमेवर कंपन्या त्यात आडव्या विहिरी खणतायत. तुमचा सेक्शन, म्हणजे मोजणीतला जमिनीचा तुकडा, पूर्व कडेला आहे. तिथे विहीर होईलच असं मी म्हणत नाही. पण आकडा बघा. समजा दोन मैल लांबीची एक विहीर, तिच्यासाठी १,२८० एकर एकत्र केले आणि त्यात तुमचे ४० आले. समजा पहिल्या वर्षी दोन लाख बॅरल निघालं, भाव ७०. तुमचा दशांश ०.००३९. वर्षाचे सुमारे ५४,७०० डॉलर, आणि ते एका विहिरीचे.

२००९ मध्ये माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून सलते. शेजारच्या काउंटीतल्या एका कुटुंबासाठी मी मूल्यमापन केलं. वरच्या स्प्रेबेरी थराचा हिशेब चोख, पैशापैशाचा. खालच्या थरांसमोर मी सरळ शून्य लिहिलं, कारण तेव्हा आमच्या धंद्यात सगळेच शून्य लिहायचे. त्यांनी माझ्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त भावाने विकलं आणि मला मिठाई पाठवली. पुढे त्याच सेक्शनखाली वुल्फकँपमध्ये आडव्या विहिरी गेल्या. माझा आकडा चुकला नव्हता, प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून मी खालच्या थरापुढे शून्य लिहीत नाही. काही नाही तर "सगळं विकू नका" एवढं लिहितो.

या खोलीच्या गोष्टीला अजून एक पदर आहे. तुमची लीज १९५० च्या दशकातली, एक अष्टमांशाची. जुन्या लीजमध्ये लिहिलेलं असतं: ठरावीक मुदतीपर्यंत, आणि त्यानंतर तेल निघत राहील तोपर्यंत. त्यामुळे दिवसाला चार बॅरल देणारी एक कुरकुरती विहीरसुद्धा सगळ्या ३२० एकरांची, वरपासून खालपर्यंतची लीज धरून ठेवते, जर लीजमध्ये खोली सोडायचं कलम नसेल तर. त्या काळच्या लीजमध्ये ते क्वचितच असतं. म्हणजे उद्या बार्नेटची विहीर झाली तरी रॉयल्टी आजोबांच्या काळचीच, एक अष्टमांश. आज नवी लीज केली तर तिथे एक चतुर्थांश मागता येतो. वर काढलेले ५४,७०० तेव्हा १,०९,००० होतात, शिवाय लीज करतानाचा एकरी बोनस वेगळा. याचा उलटा अर्थ असा की त्या १४ विहिरी खरोखर बंद पडल्या आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा चालू झाल्या नाहीत, तर लीज संपते आणि हक्क मोकळा होऊन आईंकडे परत येतो. चेक थांबला म्हणून घाबरून विकणारे लोक नेमके याच क्षणी विकतात. तेव्हा लीजची प्रत मागवा. काउंटी क्लर्ककडे मिळते. विहिरी बंद पडल्यावर किती दिवसांची सवलत आहे, ६० की ९०, आणि खोलीबद्दल एखादी ओळ आहे का, हे दोनच शोधायचे.

प्रत मागवताना १९८७ च्या दस्ताआधीचे दोन-तीन दस्तही मागवा. जुन्या काउंटीत "अष्टमांशाचा निम्मा" अशी वाक्यं सापडतात आणि त्यावरून भांडणं होतात, कारण त्या काळी रॉयल्टी म्हटलं की अष्टमांशच, आणि लोक "अष्टमांश" हा शब्द "सगळं" या अर्थाने वापरायचे. २०२३ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ च्या अशाच एका दस्ताचा अर्थ सोळावा हिस्सा न लावता निम्मा लावला. असं वाक्य तुमच्या दस्तांच्या साखळीत निघालं तर फायद्याचंही ठरू शकतं, तोट्याचंही. ते खरेदीदाराच्या वकिलाआधी तुमच्या वकिलाला दिसलं पाहिजे.

आईंचं वय, तुमचं पुण्यात असणं, दरवर्षी येणारी कराची बिलं, हे सगळं बघता काही भाग विकणं मला शहाणपणाचं वाटतं. दोन वाटा आहेत. एक, वरच्या थराचा हक्क ठरावीक खोलीपर्यंत विकायचा आणि खालचा राखायचा. कागदावर हे सुंदर दिसतं, पण ४० एकरांसाठी फार थोडे खरेदीदार तयार होतात. दुसरी वाट, सगळ्या खोलीचा निम्मा हक्क विकायचा, निम्मा ठेवायचा. हे सहज होतं. मी बहुतेकांना हेच सुचवतो. कोणतीही वाट धरली तरी दस्त तुमच्या वकिलाने लिहिलेला असावा, त्यात फक्त तोच सेक्शन आणि तोच ब्लॉक असावा. तुम्हाला आलेल्या दस्तात "तसेच काउंटीतील विकणाऱ्याची इतर कोणतीही जमीन, वर्णन असो वा नसो" असं एक वाक्य आहे. ते सगळ्यात आधी उडवा. साचलेले पैसे विकणाऱ्याकडे राहतील हे शब्दांत लिहा. आणि ड्राफ्ट नको. दस्त आज द्यायचा आणि खरेदीदार तीस दिवस तपासणी करून मग पैसे देणार की नाही ते ठरवणार, हा तो प्रकार आहे. पैसे तिऱ्हाइताकडे जमा, मग दस्त, असं करा. आईंची सही मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी करून मिळते, वेळ आधी घ्यावी लागते.

करामुळे घाई करायची गरज नाही, थांबायचीही नाही. अमेरिकेत वारशाच्या मालमत्तेची किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात, आणि टेक्सासच्या सामाईक मिळकतीत ही सवलत दोन्ही अर्ध्यांना मिळते, आईंच्या स्वतःच्याही. त्या दिवशीचं मूल्यमापन करून ठेवलं तर आज विकल्यावर अमेरिकेत नफ्यावरचा कर जवळजवळ शून्य. भारतात असं नाही. इथे मृत्यूच्या दिवशीची किंमत धरत नाहीत. आई इथे येऊन किती काळ झाला, त्यांचा कराच्या दृष्टीने निवासी दर्जा काय, यावर भारतातला कर अवलंबून आहे, तेव्हा दोन्ही देश कळणाऱ्या सीएला आधी गाठा. पुढे कधी हा हक्क भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिक म्हणून मुलीकडे आला, तर दर चेकमधून ३० टक्के आणि विक्रीच्या वेळी एकूण रकमेतून १५ टक्के आधीच कापले जातील. विवरणपत्र भरून हिशेब करता येतो, पण दरवर्षीची कटकट आहे. आईंच्या हयातीत निम्मं विकण्याच्या बाजूने मला हे एक खरं कारण वाटतं.

आपल्याकडे शेताखाली तेल निघालं तर ते सरकारचं, त्यामुळे जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं हे मराठी माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो. तुमच्या वडिलांना ते १९८७ मध्येच कळलं होतं, आणि तेही आदल्याच वर्षी तेल दहा-बारा डॉलरपर्यंत कोसळून निम्मं ओडेसा विकायला निघालेलं असताना. २००४ च्या दस्तात हक्क राखल्याची ती एक ओळ टाकायला त्यांना कोणी सुचवलं असेल, मला कुतूहल आहे.

पहिलं काम मात्र एकच आणि फुकटचं. जुन्या चेकच्या पावतीवर मालक क्रमांक असतो. तो घेऊन ऑपरेटरच्या मालक-विभागाला फोन करा आणि थोपवलेली रक्कम किती, ती सोडवायला कोणते कागद लागतील, हे लेखी मागा. आलेलं पत्र फाडू नका, सहीही करू नका. फाइलला लावून ठेवा. पुढच्या तीन खरेदीदारांना तोच आकडा दाखवून बोलणं सुरू करता येईल.